वाफा मुलाचा, लुडबूड आपली

दीपनगरात बाग करायची तर तीन गोष्टींशी जुळवून घ्यावं लागतं: ऊन, राख आणि बदली. ऊन खानदेशाचं, ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं. मे महिन्यात भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे गेला तरी इथे कुणाला ती बातमी वाटत नाही. राख थर्मलची, म्हणजे इथल्या औष्णिक वीज केंद्राची. आणि बदली नोकरीची. परसात लावलेल्या आंब्याला मोहोर येईपर्यंत आपण कोराडीला, चंद्रपूरला नाहीतर परळीला गेलेलो असतो आणि कैऱ्यांचं लोणचं क्वार्टरमध्ये नव्याने आलेलं कुटुंब घालतं. घरात चार-पाच वर्षांचं मूल असेल तर या तिन्हींत चौथ्याची भर पडते: सकाळी पेरलेलं बी उगवलं का, हे संध्याकाळी उकरून बघणारा माळी.

हे पुस्तक त्या माळ्याच्या आईबाबांसाठी आणि आजी-आजोबांसाठी आहे.

बागकामाची पुस्तकं बाजारात पुष्कळ मिळतात. त्यातली बरीचशी पुण्या-मुंबईच्या गॅलरीत बसून लिहिलेली असतात, आणि मुलांसाठीची तर बहुतेक विलायती पुस्तकांवर बेतलेली. त्यांत मार्च-एप्रिल हा पेरणीचा काळ असतो, कारण तिकडे तेव्हा बर्फ वितळून जमिनीला ऊब येते. आपल्याकडे एप्रिलात मुलाच्या हाती बी दिलं तर आठवड्याने त्याच्या हाती वाळलेलं रोप येतं, आणि आपल्याला बागकाम जमत नाही अशी त्याची समजूत होते. खानदेशात मुलांच्या बागेचं वर्ष दोनदा सुरू होतं. एकदा मृगाचा पाऊस नीट पडून गेल्यावर आणि एकदा दसऱ्याच्या सुमाराला. हे एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मी निराशा टळते.

दीपनगर ही वसाहत वीज केंद्राच्या पोटी जन्मली. भुसावळहून वरणगावकडे जाताना, फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम या गावांच्या शिवारात साठच्या दशकाच्या शेवटी पहिला संच उभा राहिला. मग 210 मेगावॉटचे दोन आले आणि 2012 नंतर 500 मेगावॉटचे दोन. त्यांच्यासोबत क्वार्टर वाढले, शाळा आली, बाजार आला. आसपासची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चपलेला चिकटून घरात येते. तापीच्या पलीकडे यावल-रावेरच्या केळीच्या बागा, बामणोदची भरिताची वांगी, जळगावकडे गेलं की असोद्याचीही. म्हणजे इथलं मूल शेतीच्या मुलखात राहतं, पण शिफ्टच्या घड्याळावर वाढतं. त्याचे आजोबा शेतकरी असतात, वडील ऑपरेटर किंवा इंजिनिअर, आणि त्याला स्वतःला मेथी भाजीवाल्याच्या गाडीवर उगवते असं वाटण्याची पुरेपूर शक्यता असते.

तळमजल्याच्या क्वार्टरला मागे थोडी जागा असते. वरच्या मजल्यावर गॅलरी असते, तिथे क्रेट आणि अर्धे कापलेले ड्रम चालतात. ज्यांचं शेत जवळ आहे त्यांनी बांधालगतचा एक तुकडा मुलांच्या नावाने सोडला तर फारच उत्तम. इंग्लंडमध्ये ज्यांना अंगण नाही त्यांच्यासाठी नगरपालिका भाड्याने भाजीचे तुकडे देतात. 1908 च्या कायद्याने त्यांच्यावर तशी जबाबदारीच टाकली आहे. रूढ माप साधारण अडीच गुंठ्यांचं. जर्मनीत असे लाखो तुकडे आहेत आणि त्यांना श्रेबरगार्टन म्हणतात. या नावामागची हकीकत आपल्या कामाची आहे.

1860 च्या दशकात लाइपझिग शहरात एका मुख्याध्यापकाने पालकांना जमवून एक मंडळ काढलं आणि नुकत्याच वारलेल्या श्रेबर नावाच्या डॉक्टरांचं नाव त्याला दिलं. हेतू भाजीचा नव्हताच. कारखान्यांच्या शहरात मुलांना खेळायला मैदान हवं होतं. पुढे गेसेल नावाच्या निवृत्त शिक्षकाने मैदानाच्या कडेने मुलांसाठी छोटे वाफे आखले. मुलं काही दिवस रमली, मग गवत वाढायला लागलं आणि मुलं पुन्हा मैदानाकडे वळली. वाफे ओस पडलेले आईबापांना बघवेनात. ते खुरपायला लागले, मग पेरायला लागले, मग त्यांनी कुंपण घातलं. मुलांची बाग बघता बघता मोठ्यांची झाली, आणि आज तो शब्द उच्चारला की जर्मन माणसाच्या डोळ्यांपुढे मोठ्यांचेच भाजीचे तुकडे येतात.

आपल्या परसातही हेच घडतं, फक्त काही वर्षांऐवजी दीड महिन्यात. "तू बाजूला हो, मी करतो पटकन" या वाक्याने मुलांच्या जितक्या बागा संपल्या तितक्या मावा आणि तुडतुड्यांनीही संपवल्या नसतील. मुलाने मेथी ओळीत पेरली नाही म्हणून आपण ती पुन्हा पेरतो. त्याने पाणी जास्त घातलं म्हणून झारी काढून घेतो. पाहुणे यायचे म्हणून त्याचा तण माजलेला वाफा साफ करतो, आणि त्या तणात त्याचं एकुलतं एक झेंडूचं रोप गेलेलं असतं. मुलाला बाग द्यायची तर ती खरोखर द्यावी लागते. या पुस्तकाचं सांगणं एवढंच आहे; बाकीची सगळी प्रकरणं या एका गोष्टीची सोय लावण्यासाठी आहेत.

हा विचार नवा नाही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने 1840 मध्ये आपल्या शाळेला बालकांची बाग, म्हणजे किंडरगार्टन, हे नाव दिलं, ते नुसतं शोभेचं नव्हतं. त्याच्या आराखड्यात प्रत्येक मुलाला स्वतःचा वाफा होता आणि सगळ्यांचे मिळून सामाईक वाफे होते. स्वतःच्या वाफ्यात मुलाने काय वाटेल ते लावावं, सामाईक वाफ्यात चार जणांशी जुळवून घ्यावं. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या. तिथे विकतच्या महाग साधनांच्या जागी बिया, पानं, खडे, शंख-शिंपले आले, आणि शाळा मुलांच्या अंगणात गेली. आज सरकारी शाळांतून पोषण आहारासाठी परसबागा करायला सांगतात, तेही चांगलंच आहे. मात्र शाळेच्या परसबागेत मुलाचं काम बहुतेक वेळा पाणी घालण्यापुरतं आणि फोटोत उभं राहण्यापुरतं उरतं. घरी तसं होऊ देऊ नये.

फोटोवरून आठवलं. 5 जूनला पर्यावरण दिन असतो आणि त्या दिवशी मुलांच्या हातून रोपं लावून घ्यायची पद्धत पडली आहे. खानदेशात त्या तारखेला जमीन अजून तापलेली असते आणि पावसाचा भरवसा नसतो. मुलाने हौसेने लावलेलं झाड पंधरा दिवसांत वाळतं. तारीख पाळण्यापेक्षा ओल पाहावी. चांगले दोन-तीन पाऊस होऊन ओल वीतभर खाली गेली की लावावं.

पावसाळी हंगाम वेलांचा आणि शेंगांचा: गिलके, दोडके, चवळी, भेंडी, गवार, गंगाफळ. यांचं बी मोठं असतं, लहान बोटांना धरता येतं आणि पाच-सहा दिवसांत वर येतं. जुलैच्या शेवटी झेंडू पेरला तर दसऱ्याच्या सुमाराला फुलतो. घराच्या तोरणात आपली फुलं आहेत हे मूल दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतं. दसऱ्यानंतर पालेभाज्यांचा काळ: मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, शिवाय हरभरा आणि वाटाणा. पहिल्यांदाच बाग करणाऱ्या मुलाला मेथी द्यावी. ती तीन-चार दिवसांत उगवते, महिनाभरात खुडायला येते आणि चुका पोटात घालते. कोथिंबीर मात्र आठ-दहा दिवस तंगवते. धणे आधी चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडायचे. एका धण्यात दोन बिया असतात, हे मुलाला त्याच वेळी कळतं आणि तेवढ्यावर ते अर्धा तास खेळतं.

भरिताची वांगी हा दीर्घ पल्ल्याचा मामला आहे. रोप तयार करा, ते पुन्हा लावा, मग अडीच-तीन महिने वाट बघा. पाच वर्षांच्या मुलासाठी ते एक युग असतं. तरी घरच्या मोठ्यांनी दोन झाडं जरूर लावावीत, कारण थंडीत ती वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून, मिरची-लसूण घालून लाकडी बडगीत ठेचताना मुलाला जे दिसतं ते सांगून समजत नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मुलाला त्या कागदाशी घेणं-देणं नाही, पण ही चव आपल्या मुलखाची आहे एवढं त्याच्या जिभेला ठाऊक असावं.

सगळ्या वेलांत मुलांचा वेल म्हणाल तर गिलक्याचा. कुंपणावर नाहीतर जुन्या खाटेच्या चौकटीवर चढवला की तो रोज दिसेल इतका वाढतो. सुतळीला गाठ मारून ठेवली तर सकाळी शेंडा गाठीच्या पुढे गेलेला असतो. आधी पिवळी नर फुलं झुबक्याने येतात आणि गळून जातात. मूल रडवेलं होतं. मग एक दिवस फुलाच्या मागे बोटाएवढं गिलकं दिसतं. ही मादी फुलं. पहाटे मधमाश्या फिरकल्या नाहीत तर नर फूल तोडून मुलाच्याच हाताने मादी फुलावर टेकवायचं. शेवटी एक फळ वेलावरच राहू द्यायचं. दिवाळीनंतर ते पिवळं, मग तपकिरी होतं, हलकं होतं, आणि कानाशी धरून हलवलं की आत बिया खुळखुळतात. टोकाची टोपी काढून उलटं केलं की काळ्या बिया टपटप पडतात, साल सोलली की अंग घासायची जाळी हातात येते. बी, वेल, फूल, भाजी, घासणी आणि पुन्हा बी: एवढं सगळं एका वेलात, एका हंगामात.

वाट पाहण्याचं हे शिक्षण आपल्याकडे मुली गाण्यातून घेत आल्या आहेत. खानदेशात भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून महिनाभर भुलाबाई बसते. तिच्या गाण्यांत माहेरी जायला निघालेल्या सुनेला सासू कारल्याचा वेल लावायला लावते. मग बी पेरलं, कोंब आला, वेल वाढला, फूल आलं, कारलं लागलं, भाजी झाली, असं एकेक कडवं पुढे सरकतं आणि सून अडकून राहते. गाणं सासुरवासाचं आहे, पण त्यात पिकाचा सगळा क्रम न चुकता येतो. नवरात्रात घटाभोवती पेरलेलं धान्य नऊ दिवसांत वीतभर होतं आणि अंधारात वाढल्यामुळे पिवळं राहतं. त्याच धान्याची एक वाटी उन्हात ठेवून मुलाला दोन्ही शेजारी दाखवली, तर उजेड आणि हिरवेपणाचं नातं पुस्तकाशिवाय समजतं.

आता राख. दीपनगरातल्या मुलापासून ती लपवण्यात अर्थ नाही. स्वच्छ पांढरा रुमाल ओला करून पपईच्या पानावरून फिरवायला सांगा. रुमालावर करडा पट्टा उमटतो. मग तोच प्रयोग रस्त्याकडच्या झाडावर, घरामागच्या झाडावर, पावसाच्या आधी आणि पावसानंतर करू द्या. पानाला बारीक छिद्रं असतात, त्यांतून ते हवा घेतं, आणि धूळ-राख साचली की पानाचं काम अडतं, हे सांगायला तेव्हा दोन वाक्यं पुरतात. सकाळी झारीने पानं धुणं हे मग मुलाचं आवडतं काम होतं.

मोठ्यांसाठी मात्र तीन पथ्यं आहेत. पालेभाजी दोन-तीन पाण्यांतून धुतल्याशिवाय मुलाला तोडून तिथल्या तिथे खाऊ देऊ नये. काळी जमीन भुसभुशीत करायला राखेच्या बंधाऱ्याकडची माती किंवा थर्मलची राख वाफ्यात आणू नये. आणि आजीने सांगितलेली माव्यावरची राख ही चुलीची, लाकडाची राख असते; कोळशाच्या राखेत शिसं, आर्सेनिक यांसारखे जड धातू अल्प प्रमाणात असू शकतात, तेव्हा ती तिची जागा घेऊ शकत नाही. जमीन हलकी करायला कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळ्याचं खत पुरेसं आहे. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा म्हणजे पावसाचं पाणी तुंबत नाही. रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको. मुलाचा हात दोन्ही बाजूंनी मधोमध पोचला पाहिजे, नाहीतर ते वाफ्यात उतरतं आणि पिकावरच उभं राहतं.

मुलं पाणी जास्त घालतात, आणि काळी माती पाणी धरून ठेवते, त्यामुळे उन्हापेक्षा कुजूनच रोपं जास्त मरतात. झारी हिसकावण्याऐवजी एक सवय लावावी: आधी बोटाची दोन पेरं मातीत घालायची, ओल लागली तर आज सुट्टी. मार्चनंतर हिरव्या शेडनेटखाली जे टिकेल ते टिकवावं. साधं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवलं तर भोवतीच्या दोन-चार झाडांना ते झिरपत राहतं. मे महिना बागेचा नाही, बियांचा आहे. दुपारी घरात बसून बिया निवडायच्या, कोरड्या बाटल्यांत भरायच्या, प्रत्येक बाटलीवर मुलाने स्वतः चित्र काढायचं. जूनच्या आसपास कडुनिंबाखाली लिंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करणं, धुणं, सावलीत वाळवणं हे काम मुलं फुकटात करतात. वाळलेल्या बियांची भरड, लिटरला 50 ग्रॅम या प्रमाणात रात्रभर भिजवून गाळली की माव्यासाठी फवारणी तयार होते. गाळणं आणि फवारणं मोठ्यांनी करावं.

शेतावर नेताना जास्त जपावं लागतं. कपाशीच्या फवारणीचे रिकामे डबे आणि बाटल्या मुलांना झारी म्हणून फार सोयीच्या वाटतात. त्या कितीही धुतल्या तरी मुलाच्या हाती जाता कामा नयेत. फवारणी झालेल्या शेतात त्या दिवसांत मुलांना नेऊच नये. कॉलनीत कुंपणाला पिवळी कण्हेर असते, तिच्या बिट्ट्यांनी पिढ्यान् पिढ्या मुलं खेळली आहेत, आणि तिचं बी, चीक, पान सगळं विषारी आहे. धोतरा, एरंडी आणि गुंज यांच्या बियांचंही तेच. अडगळीत, विटांखाली हात घालायचा नाही, कारण तिथे विंचू असतो. पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करायची, नाहीतर भाजीआधी डासांचं पीक येतं.

आणि बदली? ती धरूनच चालावं. मुलाला हंगामी पिकं द्यावीत, म्हणजे सुरुवात आणि शेवट दोन्ही त्याच्या हाती राहतात. त्याबरोबर एखादा शेवगा किंवा कढीपत्ता लावावा. शेवगा वर्षभरात शेंगा देतो, आणि आपण गेलो तरी मागून येणाऱ्यांच्या आमटीत पडतो. आपण या क्वार्टरमध्ये आलो तेव्हा पेरूचं झाड उभं होतं, ते कुणीतरी लावलं होतं. हे मुलाला दाखवून द्यावं. बियांच्या बाटल्या सामानात बांधता येतात. बदलीच्या गावाची, मग ते पारस असो की एकलहरे, मातीही त्यांना चालते.

वाट पाहण्याबद्दलच आणखी एक. साने गुरुजी काही वर्षं अमळनेरला शिक्षक होते. 'श्यामची आई' त्यांनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात इतर मुलांच्या आधी फुलं मिळावीत म्हणून श्याम कळ्याच खुडून आणतो आणि आई त्याला समजावते, तो प्रसंग आहे. पालकांनी तो आपल्यासाठीही वाचावा. घाईघाईने फळ हाती यावं म्हणून धडपडणारे आपणही असतो, आणि मुलाच्या बागेत आपल्या घाईने पहिली कळी खुडली जाते ती त्याच्या उत्साहाची.

बागेमुळे मूल हुशार होईल, पालक आवडीने खाईल, मोबाइल विसरेल, असं कोणतंही वचन हे पुस्तक देत नाही. काही मुलं स्वतः पिकवलेली भेंडी कच्ची खातात, काही ती मोजून ठेवतात आणि जेवताना तोंड फिरवतात. दोन्ही चालेल. पुढची प्रकरणं हंगामाप्रमाणे लावली आहेत, वयाप्रमाणे नाहीत. दोन वर्षांचं मूल पाणी घालेल, चार वर्षांचं पेरेल, सात वर्षांचं वहीत नोंदी ठेवेल, आणि तिघं भावंडं असतील तर भांडतील. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक चौकट आहे: या महिन्यात मोठ्यांनी काय करायचं नाही. वेळ नसेल तर नुसत्या चौकटी वाचा.

वाचकांना विनंती एकच. यंदा दसऱ्यानंतर तीन फूट रुंद, चार फूट लांब एवढी जागा मोकळी करा, खत घालून द्या, मूठभर मेथी मुलाच्या हातावर ठेवा आणि घरात निघून जा. वाकडी उगवेल. दाट उगवेल. एका कोपऱ्यात उगवणारही नाही. ती तशीच राहू द्या, आणि महिन्याने जेवढी जुडी होईल तेवढीच भाजी त्या दिवशी घरात करा.